शेअर बाजाराला कळवले, ग्राहकाला नाही

२ जुलै २००८ रोजी एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीने तिथल्या भांडवल बाजार नियामकाकडे एक छोटे निवेदन दाखल केले. लॅपटॉपमध्ये बसवलेल्या आपल्या काही जुन्या पिढीच्या ग्राफिक्स चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल, असे त्यात म्हटले होते. तेव्हाच्या दराने हे साडेसहाशे ते साडेआठशे कोटी रुपये होतात. त्याच दमात कंपनीने तिमाहीच्या विक्रीचा अंदाजही खाली आणला आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर सुमारे तीस टक्क्यांनी कोसळला. गुंतवणूकदाराला बातमी मिळाली; ती वेळेवर मिळाली की उशिरा, यावर पुढे कोर्टकज्जेही झाले. पण ज्याच्या टेबलावर त्या चिपचा लॅपटॉप होता त्याला या निवेदनातून काहीच उमजण्यासारखे नव्हते. कोणत्या चिप, कधी बनलेल्या, कोणत्या लॅपटॉपमध्ये बसलेल्या, याची यादी कंपनीने दिलीच नाही.

इतके जुने प्रकरण आता उकरून काढायचे, कारण त्यातला मूळ प्रश्न अजून तसाच आहे. मधल्या काळात एन्व्हिडिया जगातल्या सर्वांत मौल्यवान कंपन्यांच्या पंगतीत जाऊन बसली. लॅपटॉप चैनीची वस्तू राहिला नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट, सीएच्या ऑफिसातली रिटर्न्स, घरबसल्या नोकरी, सगळे त्यावर आले. मात्र आपल्या मालात मूळचाच दोष आहे हे बनवणाऱ्याला कळले, तर त्याने ते ग्राहकाला किती दिवसांत आणि किती स्पष्ट सांगायचे, याचे बंधन लॅपटॉपच्या बाबतीत आपल्याकडे कुणावरही नाही. ते असायला हवे.

आधी दोष काय होता ते पाहू. ग्राफिक्स चिपचा गाभा म्हणजे सिलिकॉनचा छोटासा तुकडा. तो एका पातळ हिरव्या पट्टीवर उलटा बसवतात आणि दोघांमधला विजेचा संपर्क सोल्डरच्या शेकडो सूक्ष्म थेंबांनी साधतात. या थेंबांना ‘बंप’ म्हणतात. पट्टीच्या खालच्या अंगाला सोल्डरचे आणखी मोठे गोळे असतात, त्यांनी ती मदरबोर्डला जोडलेली असते. म्हणजे जोडण्या दोन: वरची बंपची आणि खालची गोळ्यांची. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण दुरुस्तीच्या नावाखाली चालणारी बरीचशी फसवणूक तो ग्राहकाला ठाऊक नसतो म्हणूनच चालते.

तापल्यावर सिलिकॉन फारच थोडे प्रसरण पावते. खालची पट्टी त्याच्या कितीतरी पट. लॅपटॉप सुरू केला की चिप तापते, बंद केला की निवते, आणि दर वेळी मधले थेंब इकडून तिकडे ओढले जातात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसे त्यांना बारीक तडे जातात. हे टळावे म्हणून थेंबांमधल्या फटीत राळेसारखा एक पदार्थ भरतात. त्याचे नाव अंडरफिल. तो घट्ट होतो आणि थेंबांवरचा ताण वाटून घेतो. तेव्हाच्या तांत्रिक विश्लेषणांनुसार एन्व्हिडियाने वापरलेला अंडरफिल फार लवकर मऊ पडत होता. ज्या तापमानाला त्याने घट्ट राहून आधार द्यायचा, नेमका त्याच तापमानाला तो ढिला पडायचा. कंपनीने निवेदनात एवढेच कबूल केले की चिपच्या वेष्टनात वापरलेले साहित्य कमकुवत होते. सोबत आणखी दोन कारणे जोडून दिली: लॅपटॉप थंड ठेवण्याची रचना आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत.

ग्राहकाची वापरण्याची पद्धत म्हणजे लॅपटॉप सुरू करणे आणि बंद करणे. चिपला तडे जायला तेवढे पुरेसे होते.

या दोषाचा सर्वांत वाईट गुण असा, की तो दुकानात दिसत नाही. पहिल्या दिवशी चिप उत्तम चालते, पहिल्या वर्षी बहुधा चालते. थेंब शेकडो वेळा तापून निवल्यावर, अनेकदा वर्षाची वॉरंटी उलटून गेल्यावर, पडद्यावर उभ्या लाइनी येऊ लागतात, रंगीत ठिपके पडतात, आणि एके दिवशी पंखा फिरतो, दिवे लागतात पण डिस्प्ले येत नाही. एचपीच्या काही मॉडेलमध्ये तर आधी वायफाय गायब व्हायचे. तिथे एन्व्हिडियाची चिप ग्राफिक्सबरोबर इतर जोडण्याही सांभाळत होती, त्यामुळे वायफायचे कार्ड बदलून काही उपयोग नव्हता. ज्याला हे माहीत नाही त्याने आधी विंडोज नव्याने टाकायचे, मग कार्ड बदलायचे, मग रॅम, आणि शेवटी मदरबोर्डचे एस्टिमेट ऐकून गप्प बसायचे.

लॅपटॉप कंपन्यांना काय दिसत होते? एचपीने नोव्हेंबर २००७ मध्येच, म्हणजे एन्व्हिडियाच्या निवेदनाच्या सात-आठ महिने आधी, पॅव्हिलियन डीव्ही२०००, डीव्ही६०००, डीव्ही९००० आणि कॉम्पॅक प्रिसारिओ व्ही३०००, व्ही६००० या मालिकांतल्या अनेक मॉडेलची वॉरंटी विशिष्ट बिघाडांपुरती वाढवली होती. डेलने जुलै २००८ च्या अखेरीस आपल्या मॉडेलची यादी जाहीर केली. त्यात इन्स्पिरॉन १४२०, लॅटिट्यूड डी६३०, एक्सपीएस एम१३३० ही तेव्हाची चालती नावे होती. उपाय म्हणून बायोसचे अपडेट दिले. त्याने पंखा लवकर सुरू होई आणि जास्त वेळ फिरे, म्हणजे चिपच्या तापमानातले चढउतार कमी होत. यादी दिली याबद्दल डेलला गुण द्यायला हवेत. पण पंख्याच्या उपायावर तेव्हाच टीका झाली आणि ती रास्त होती. कमकुवत अंडरफिल पंख्याने बळकट होत नाही. फार तर चिपचे मरण लांबते, आणि ते वॉरंटीच्या पलीकडे लांबले तर फायदा कुणाचा हे सांगायला नको. पुढच्या महिन्यात डेलने अशा लॅपटॉपची वॉरंटी या बिघाडापुरती वर्षभराने वाढवली, तेव्हा कुठे त्या उपायाला अर्थ आला.

अ‍ॅपलची गोष्ट अधिक बोलकी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये अ‍ॅपलने आपल्या ग्राहकांना लेखी कळवले की, आमच्या संगणकांना या दोषाची बाधा नाही अशी हमी एन्व्हिडियाने आम्हाला दिली होती, पण आम्ही स्वतः तपास केला तेव्हा ८६००एम जीटी चिप असलेल्या काही मॅकबुक प्रोंना बाधा असू शकते असे आढळले. मे २००७ ते सप्टेंबर २००८ दरम्यान बनलेल्या त्या लॅपटॉपची दुरुस्ती वॉरंटी संपलेली असली तरी मोफत होईल, असेही त्यात होते. खरेदीपासून आधी दोन वर्षे असलेली ही मुदत पुढे वाढवत नेली. अ‍ॅपलसारख्या बलाढ्य गिऱ्हाईकाला पुरवठादार चुकीची हमी देऊ शकतो आणि सत्य शोधायला त्याला स्वतःची प्रयोगशाळा कामाला लावावी लागते. मग पगारातून हप्ते फेडून लॅपटॉप घेणाऱ्याने काय करायचे?

अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन दावे लावले. ते कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात एकत्र झाले आणि डिसेंबर २०१० मध्ये तडजोड मंजूर झाली. डेल आणि अ‍ॅपलच्या ग्राहकांना चिप किंवा बोर्ड बदलून मिळणार होता, ज्यांनी आधीच पदरचे पैसे घालून दुरुस्ती केली त्यांना ते परत मिळणार होते. एचपीच्या ग्राहकांना मात्र जुन्या लॅपटॉपच्या बदली कॉम्पॅकचा स्वस्त श्रेणीतला, एकाच कोअरच्या प्रोसेसरचा सीक्यू५६ देऊ केला. ज्याने सतरा इंची डीव्ही९००० साठी चांगले पैसे मोजले होते त्याच्या हाती पंधरा इंची साधा लॅपटॉप. तडजोडीत शब्द होते ‘त्याच प्रकारचा आणि मोलाचा’. ग्राहकांनी हरकती घेतल्या, फारसे हाती लागले नाही. २००८ ते २०१० या तीन वर्षांत एन्व्हिडियाने या एका दोषापोटी केलेली एकूण तरतूद ४७ कोटी डॉलरच्या पुढे गेली.

आणि हे सारे अमेरिकेत राहणाऱ्या, अमेरिकेत खरेदी केलेल्या लोकांपुरते. कॉम्पॅक प्रिसारिओ व्ही३००० आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत भरपूर दिसत असे. चिप तीच, अंडरफिल तोच, बिघाडही तोच. पण त्या तडजोडीत इथल्या मालकाला जागा नव्हती.

शेअरधारकांचे काय झाले हेही सांगितले पाहिजे, कारण तिथे कायद्याची एक वेगळी बाजू दिसते. कंपनीला दोष आधीपासून ठाऊक होता आणि तिने तो लपवला, असा दावा गुंतवणूकदारांनी २००८ मध्येच केला होता. तो फेटाळला गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. फसवणुकीचा हेतू पुरेसा दाखवता आलेला नाही, आणि केवळ एका प्रकटन-नियमात तरतूद आहे म्हणून गप्प राहणे आपोआप फसवणूक ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. कंपनीसाठी हा विजय होता. वाचकाने त्यातून एवढे घ्यावे, की ज्या देशात माहिती उघड करण्याचे कायदे सर्वांत कडक मानले जातात तिथेही, आणि तेही पैसे गुंतवणाऱ्याच्या बाबतीत, गप्प बसण्याला बरीच जागा उरते. ग्राहकासाठी तर ती जागा मैदानाएवढी मोठी आहे.

याच सुमाराला मायक्रोसॉफ्टने वेगळे वागून दाखवले होते. एक्सबॉक्स ३६० या गेमिंगच्या यंत्रावर तीन लाल दिवे लागून ते बंद पडण्याचे प्रकार जगभर वाढले, तेव्हा जुलै २००७ मध्ये कंपनीने एक अब्ज डॉलरहून मोठी तरतूद जाहीर केली आणि त्या बिघाडापुरती वॉरंटी खरेदीपासून तीन वर्षे केली. यंत्र ओळखायला यादी नको होती, लाल दिवे हीच खूण. तांत्रिक कारण मात्र कंपनीने तेव्हा सांगितले नाही. तापण्यानिवण्याने चिपच्या आतल्या जोडण्या तुटत होत्या, हे तिच्याच जुन्या अधिकाऱ्याने २०२१ च्या एका माहितीपटात सांगितले. पैसे लगेच मिळाले, कारण चौदा वर्षांनी. त्यातल्या त्यात हा क्रम बरा म्हणायचा.

मधल्या चौदा वर्षांत कारण कळले नसल्यामुळे जगभर घरगुती उपचारांचे पीक आले. लोकांनी एक्सबॉक्स टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवले. लॅपटॉपचे मदरबोर्ड काढून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजले. नवल म्हणजे त्यातले बरेच चालू झाले! दोन आठवडे, महिना, कधी तीन महिने चालले आणि पुन्हा बंद पडले. सोल्डर वितळून सांधा जुळला, अशी त्यावरची लोकप्रिय समजूत. दुकानदारांनी याच समजुतीला यंत्राची जोड दिली आणि त्यातून रिफ्लो (म्हणजे चिप जागेवरच तापवणे) व रिबॉलिंगचा धंदा उभा राहिला.

मुंबईतला लॅमिंग्टन रोड, पुण्यातली बुधवार पेठ किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस, कुठेही जा, ‘चिप लेव्हल रिपेअर’ अशी पाटी दिसतेच. आत गेल्यावर ‘हीट मारून बघतो’ किंवा ‘रिबॉलिंग करावे लागेल’ असे उत्तर मिळते. रिबॉलिंग म्हणजे चिप बोर्डावरून उचलून तिच्या खालचे गोळे नवे बसवणे. काम कौशल्याचे आहे, यात वाद नाही. पण तुटलेले असतात ते वरचे बंप! त्या चिपमध्ये बंप होते भरपूर शिसे असलेल्या सोल्डरचे, आणि ते वितळायला तीनशे अंशांच्या वर जावे लागते. बोर्डावरचे शिसेविरहित गोळे वितळतात २१७ अंशांच्या आसपास. म्हणजे कारागीर जेवढी उष्णता देतो तिच्यात खालचे गोळे वितळतात आणि वरचा तुटका थेंब तुटकाच राहतो. उष्णतेने आजूबाजूचे सगळे थोडे हलते, तडा तात्पुरता टेकतो आणि चित्र उमटते. दुकानदाराचे बिल फाडून होते, महिन्याची गॅरंटी संपते, मग चित्र जाते.

जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा. युरोपने १ जुलै २००६ पासून विजेच्या उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले आणि तेव्हापासून चिप मरायला लागल्या, दोष पर्यावरणवाद्यांचा, असे रिपेअरच्या दुकानांतून नेहमी ऐकू येते. शिसेविरहित सोल्डर ठिसूळ असते आणि त्याने काही उपकरणांना सुरुवातीला त्रास दिला, हे खरे. पण एन्व्हिडियाच्या या प्रकरणात थेंबांत शिसे होते, चांगले भरपूर होते. जास्त शिशाच्या सोल्डरला त्या नियमातून सूटच होती. खापर कायद्यावर फोडणे सोयीचे असले तरी इथे ते लागू पडत नाही.

प्रामाणिक कारागीर काय करतो? चिपच बदलतो. सुधारित साहित्याने बनवलेली, नंतरच्या तारखेची चिप बसवली तर लॅपटॉप पुढे वर्षानुवर्षे चालतो. चिपच्या पाठीवर ती कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनली याचा आकडा छापलेला असतो, तो ग्राहकाला दाखवून मग बसवणारे कारागीर आपल्याकडेही आहेत. पण नवी म्हणून जुन्या बोर्डावरून उचललेली चिप साफसूफ करून विकण्याचा धंदाही त्याच गल्लीत चालतो. म्हणून पैसे देण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: चिप बदलणार की तापवणार, आणि बदलणार असाल तर तिच्यावरचा आकडा कोणता. पहिल्या प्रश्नालाच दुकानदार बोलणे वळवू लागला तर लॅपटॉप उचलून बाहेर पडणे बरे.

एन्व्हिडियाच्या प्रकरणातून उद्योगाने धडा घेतला असेल अशी आशा करायला हरकत नव्हती. मग २०११ च्या मॅकबुक प्रोची पाळी आली. या वेळी ग्राफिक्स एएमडीचे होते. पंधरा आणि सतरा इंची लॅपटॉपचे पडदे निळे-राखाडी पडू लागले, यंत्रे मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली. ग्राहकांनी तक्रारी केल्या, सह्यांच्या मोहिमा चालवल्या, ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत दावा लावला. फेब्रुवारी २०१५ मध्ये अ‍ॅपलने मोफत दुरुस्तीची योजना आणली. आधी अमेरिका आणि कॅनडात, आठवडाभराने इतर देशांत. ज्यांनी आधी पैसे भरले त्यांच्या परताव्याचीही त्यात सोय होती. यंत्र घेतल्याला तेव्हा कित्येकांना चार वर्षे होत आली होती. हुशार लोकांनी स्वतःचाही एक इलाज शोधून काढला: बोर्डावरचा एक इवलासा रेझिस्टर काढून टाकायचा आणि एएमडीची चिप कायमची झोपवून प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर लॅपटॉप चालवायचा. ज्या चिपसाठी जादा पैसे मोजले तीच बंद करून लॅपटॉप वाचवायचा, ही दुरुस्तीची कोणती तऱ्हा!

आता तर तो मार्गही आटत चालला आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच असते, अनेकांत रॅमही बोर्डावर डकवलेली, काहींत साठवणसुद्धा. अशा वेळी दोषी भाग बदलणे म्हणजे अख्खा बोर्ड बदलणे, आणि त्या खर्चात वापरलेला दुसरा लॅपटॉप येतो. त्यामुळे दोष उघड करण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा जड झाली आहे. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला, तेव्हा बऱ्याच टाळाटाळीनंतर का होईना, कंपनीने प्रोसेसरांची नावे जाहीर केली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नावे जाहीर केल्याने कंपनी बुडाली नाही.

आपल्या कायद्यात यासाठी काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ असे भारदस्त प्रकरण आहे, आणि ते वाचून ग्राहकाची छाती फुगते. पण त्याच कायद्यातली ‘हानी’ची व्याख्या नीट वाचली तर हवा जाते: खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान हानीत मोजायचे नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. लॅपटॉपला आग लागून घर जळाले तर उत्पादन दायित्व. लॅपटॉप नुसता मेला तर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वस्तू बाजारातून परत बोलावण्याचे अधिकार आहेत, पण ते धोकादायक किंवा असुरक्षित वस्तूंसाठी. वाहनांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात परत बोलावणीची वेगळी तरतूद आली, तीही इजा आणि पर्यावरणाच्या हानीच्या निकषावर. डिस्प्ले न येणारा लॅपटॉप कुणाला इजा करत नाही. तो फक्त पन्नास-साठ हजार रुपये खातो.

उरतो तो साधा मार्ग, सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. हा मार्ग वाटतो त्याहून बरा आहे. तक्रार आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात करता येते, कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असले तरी. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आणि दोष दूर करा, वस्तू बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा आदेश देऊ शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. अडचण पुरावा उभा करण्यात येते. एकट्या ग्राहकाच्या हातात एक मेलेला लॅपटॉप असतो. तसेच हजार लॅपटॉप तसेच मेले आहेत हे फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या संगणकाला ठाऊक असते. ‘तुम्ही बंद बॅगेत चालू ठेवला असेल, धूळ साचली असेल, व्होल्टेज वरखाली झाले असेल’ या उत्तराला तो काय प्रत्युत्तर देणार?

म्हणून मागणी नेमकी माहितीची आहे. एखाद्या मॉडेलमध्ये एकच भाग ठरलेल्या प्रमाणाबाहेर निकामी होऊ लागला, तर लॅपटॉप कंपनीने आणि तो भाग पुरवणाऱ्याने मॉडेल, बनल्याचा काळ आणि लक्षणे जाहीर करावीत, आणि ती शेअर बाजाराला कळवण्याच्या दिवशीच. अशा दोषापुरती मोफत दुरुस्तीची मुदत खरेदीच्या तारखेपासून न मोजता दोष जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजावी. आणि कंपनीने दुसऱ्या कोणत्याही देशात याच दोषासाठी योजना आणली असेल तर ती भारतातल्या ग्राहकालाही मिळावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक आणण्याबाबत समितीचा अहवालही २०२५ मध्ये आला. दोन्ही पावले चांगली आहेत. पण सुटे भाग मिळतात का, स्क्रू सहज निघतात का, हे सांगणारा निर्देशांक मूळ भागच सदोष आहे हे सांगत नाही.

कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे. यादी जाहीर केली की ज्यांचे यंत्र ठणठणीत आहे तेही रांगेत उभे राहतील, उरलेला माल पडून राहील, स्पर्धक फायदा उठवतील. यातला पहिला मुद्दा अनुभवाने खोटा ठरतो: डेल आणि अ‍ॅपलच्या योजना लक्षणे दिसलेल्या यंत्रांपुरत्या होत्या आणि चालल्या. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. माल पडून राहीलही. पण सदोष ठाऊक असलेला माल गुपचूप विकून टाकण्याचा हक्क कंपनीला आहे असे म्हणायची तयारी असेल, तरच हा आक्षेप टिकतो. पुरवठादार आणि लॅपटॉप कंपनी यांच्यात चूक कुणाची, चिपच्या साहित्याची की पातळ लॅपटॉपमधल्या तोकड्या पंख्याची, हा वाद खरा असू शकतो. तो त्यांनी आपापसांत मिटवावा; ग्राहकाला त्याच्या निकालापर्यंत ताटकळत ठेवू नये.

अशा लढाया एकट्याने लढायच्या नसतात आणि कायद्याने त्याची सोय केलेली आहे. समान तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एक किंवा काही ग्राहक आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही करू शकते. ग्राहक पंचायतीसारख्या चळवळी पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच उभ्या राहिल्या. महागाई, भेसळ आणि वजनमापांवर त्यांनी केलेले काम मोठे आहे. आता त्यांनी एखाद्या लॅपटॉप मॉडेलच्या जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेल्या बिघाडाच्या नोंदी, गोळा करायला घ्याव्यात. एकाच मॉडेलच्या, एकाच बिघाडाच्या पन्नास जॉबशीट आयोगापुढे ठेवल्या तर ‘तुम्ही नीट वापरला नसेल’ हे उत्तर तिथेच निकामी होते.

तोवर ज्याच्या पडद्यावर लाइनी येत आहेत त्याने आधी डेटाची प्रत काढून घ्यावी. ग्राफिक्स चिप गेली तरी डिस्कवरच्या फाइली सहसा शाबूत असतात. मग लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरला जोडून पाहावा. तिथेही लाइनी असतील आणि विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावरही असतील, तर संशय पडद्यापेक्षा चिपवर घ्यावा. दोन्ही पडद्यांचे फोटो काढावेत. सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचे नाव लिहिलेली जॉबशीट मागावी, नकार दिला तर नकारही लेखी मागावा. त्याच मॉडेलसाठी दुसऱ्या देशात काही योजना आहे का ते शोधावे आणि असल्यास तिचा हवाला देऊन कंपनीला ईमेल करावे. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि आयोगाकडची तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. वॉरंटी संपली आहे एवढ्या एका कारणावर मात्र माघार घेऊ नये.